भंगारातला बूस्टर अवश्य घ्या, पण जुना हातचा सोडू नका

नमस्कार. आपली 1999 ची झेन, दगडासारखे घट्ट झालेले ब्रेकचे पेडल, पाय दाबला की डॅशबोर्डखालून येणारा फुस्स असा आवाज, ब्रेकवर पायाचा जोर वाढवून देणारा नवा बूस्टर कुठेच मिळत नाही म्हणून भंगारातून आणावा की नाही हा आपला प्रश्न, हे सगळे वाचताना माझीच बारा वर्षांपूर्वीची हकिगत दुसऱ्या कुणी लिहिली आहे असे वाटले. माझी गाडी 1997 ची एस्टीम होती, आवाज अगदी हाच होता, आणि ते प्रकरण निस्तरायला मला जवळजवळ तीन महिने लागले. म्हणून थोडे सविस्तर लिहितो. मी व्यवसायाने मेकॅनिक नाही आणि आपली गाडी पाहिलेली नाही, तेव्हा माझे म्हणणे वाचून झाल्यावरही ब्रेकचे काम रोज करणाऱ्या माणसाला गाडी दाखवल्याशिवाय ती रस्त्यावर काढू नये, ही विनंती.

दोष बूस्टरचाच आहे याची खात्री आपण केलीच असेल, त्यामुळे त्या तपासणीत शिरत नाही. फक्त इंजिनाकडून येणारा व्हॅक्यूमचा पाइप आणि त्यातला एकाच दिशेने हवा सोडणारा व्हॉल्व्ह आधी बदलून पाहिला नसेल तर तो पाहावा, कारण जुन्या गाडीत तो पाइप वरून धडधाकट दिसतो आणि क्लिपच्या खाली चिरलेला असतो. तोपर्यंत मात्र गाडी शक्यतो उभीच ठेवा. बूस्टरमधल्या रबरी पडद्याचा, म्हणजे डायाफ्रामचा, व्यास 18 सेंटिमीटर धरला आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या दाबात दर चौरस सेंटिमीटरला 0.65 किलोचा फरक धरला, तर पायाच्या मदतीला सुमारे 165 किलोचा जोर येतो. डायाफ्राम फाटल्यावर ती मदत जाते. ब्रेक लागतच नाहीत असे नाही, पण अचानक समोर कुणी आले तर तेवढा जोर आपल्या पायातून ऐन वेळी निघेल यावर विसंबू नये.

नव्या बूस्टरबद्दल आपल्याला जे उत्तर मिळाले तेच मलाही मिळाले होते, फक्त मला ते सात आठवडे हप्त्याहप्त्याने मिळाले. एका अधिकृत सेवा केंद्राच्या पार्ट्स काउंटरवर मी आगाऊ रक्कम भरून मागणी नोंदवली. दर सोमवारी फोन केला की ‘माल निघाला आहे’ असे सांगत. आठव्या आठवड्यात एका नव्या मुलाने संगणकावर पाहून सांगितले की हा पार्ट केव्हाच बंद झाला आहे आणि माझी मागणी पुढे गेलेलीच नाही. मला राग पार्ट नसल्याचा आला नाही. इतक्या जुन्या गाडीचा पार्ट नसू शकतो. राग याचा आला की पहिल्याच दिवशी ‘नाही’ म्हटले असते तर मी त्या दिवशीच कुर्ल्याची वाट धरली असती. आपण अशी मागणी नोंदवणार असाल तर पार्ट क्रमांक लिहिलेली पावती घ्या आणि आठ दिवसांत लेखी होकार आला नाही तर पैसे परत मागा.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येतो. भंगारातला बूस्टर घ्यावा का? माझे मत घ्यावा असेच आहे, आणि ते मी विचार करून बनवलेले आहे. चांगल्या स्थितीत उतरवलेला मूळ कंपनीचा बूस्टर हा बाजारात मिळणाऱ्या बिननावाच्या नव्या बूस्टरपेक्षा मला अधिक भरवशाचा वाटतो. जुना उघडून नवा डायाफ्राम घालून देणारे कारागीरही आहेत, पण लहान गाड्यांच्या बूस्टरचे दोन पत्रे दाबून जोडलेले असतात आणि आत दाबलेली स्प्रिंग असते, त्यामुळे ते काम योग्य साधनांशिवाय कुणी करू नये आणि घरी तर मुळीच करू नये.

माझी जी चूक मला सर्वांत महाग पडली ती खरेदीच्या दिवशीच झाली. कुर्ल्याच्या सी.एस.टी. रोडवरच्या एका दुकानात मला त्याच मॉडेलचा, पण नंतरच्या वर्षीच्या गाडीचा बूस्टर मिळाला. गाडीला बसवायचे चारही बोल्ट (स्टड) जुळत होते, ब्रेक ऑइलला दाब देणारा मास्टर सिलिंडर बसायची जागा जुळत होती, आणि दुकानदाराने जुना बूस्टर दिल्यास तीनशे रुपये कमी करतो म्हटले. माझा जुना डिकीतच होता. मी तो काढून दिला, आणि तीनशे रुपये वाचवल्याच्या समाधानात पुण्याला परतलो. वाईट होता म्हणून तर बदलत होतो, मग तो ठेवून काय करायचे, असे मला तेव्हा वाटले होते. तो ठेवायचा होता तो मापासाठी, हे मला पुढच्या रविवारी कळले.

गॅरेजमध्ये नव्याने आणलेला बूस्टर बसवला, ब्रेकची हवा काढली, गल्लीत दोन फेऱ्या मारल्या, पेडल लोण्यासारखे हलके लागत होते. रविवारी आम्ही साताऱ्याला निघालो. शिरवळपर्यंत काही जाणवले नाही. खंबाटकीचा चढ लागल्यावर गाडी ओढत नाही असे वाटले, पण चढाला गाडी जड लागणारच म्हणून मी गिअर खाली घेतला आणि ॲक्सिलरेटर दाबत राहिलो. सौभाग्यवती म्हणाली, “काहीतरी करपल्यासारखा वास येतोय.” माथ्यावर गाडी थांबवून उतरलो तर पुढच्या दोन्ही चाकांतून धूर निघत होता, आणि बाटलीतले चार थेंब रिमवर पडताच तव्यावर पडावेत तसे तडतडून उडाले. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक सोडलेला, तरी ढकलून तसूभर हलत नव्हती. पेडलला मी पायही लावलेला नव्हता.

मागे थांबलेल्या एका टेम्पोचालकाने बॉनेट उघडायला लावले, दोन्ही मागच्या चाकांना दगड लावले, आणि बारा नंबरच्या पान्याने मास्टर सिलिंडर बूस्टरला धरून ठेवणारे दोन नट जेमतेम दोन-दोन आटे सैल केले. मास्टर केसभर पुढे सरकला आणि पुढची चाके टक आवाज करून सुटली. “साहेब, दांडी लांब आहे, मास्टर मागे येत नाहीये,” एवढेच तो म्हणाला. (त्या अवस्थेत गाडी चालवू नये; नट सैल करणे ही फक्त परीक्षा आहे. आम्ही क्रेन बोलावली.)

त्याचे कारण असे. बूस्टरच्या तोंडाशी एक पुशरॉड असतो, तो मास्टर सिलिंडरच्या पिस्टनला ढकलतो. पेडल सोडल्यावर पिस्टन पूर्ण मागे आला तरच एक बारीक छिद्र उघडते, आणि तापून फुगलेले ब्रेक ऑइल त्यातून वरच्या डबीत परत जाते. माझ्या बूस्टरचा पुशरॉड सुमारे दीड मिलिमीटर लांब होता. त्यामुळे पिस्टन कायम थोडा पुढे दाबलेला राहिला आणि ते छिद्र झाकले गेले. प्रत्येक ब्रेकला ऑइल थोडे तापे, वाट नसल्याने दाब वाढे, पॅड डिस्कला चिकटून राहत, आणि त्यामुळे ते आणखी तापे. गल्लीतल्या दोन फेऱ्यांत हे कधीच दिसत नाही, साठ किलोमीटरनंतर दिसते. पॅड, दोन्ही डिस्क, कॅलिपरची रबरे आणि क्रेनचे भाडे मिळून वाचवलेल्या तीनशे रुपयांची अनेक पटींनी परतफेड झाली. शिवाय योग्य माप कळायला जुना बूस्टर जवळ नव्हताच. दुकानात फोन केला तेव्हा तो वजनावर गेला होता.

म्हणून आपला बूस्टर उतरवला की सर्वप्रथम व्हर्नियरने, म्हणजे बारीक माप घेणाऱ्या पट्टीने, बूस्टरच्या सपाट तोंडापासून पुशरॉडच्या टोकापर्यंतचे अंतर मोजा आणि कागदावर लिहून ठेवा. भंगारातल्या बूस्टरचेही तसेच मोजा. त्यानंतर मास्टरच्या बसण्याच्या तोंडापासून त्याच्या पिस्टनच्या खळग्यापर्यंतचे अंतर मोजा. मध्ये गॅस्केट येत असेल तर त्याची जाडी धरायला विसरू नका. पुशरॉड पिस्टनला टेकून ढकलत नसावा, आणि दोघांत फार फट पडली तर पेडल खोल जाते. मला जिथे स्वतः बरे आढळले ते अंतर अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास होते, पण आपल्या गाडीच्या पुस्तिकेत आकडा असेल तर तोच प्रमाण माना. व्हर्नियर नसेल तर मुलांच्या खेळण्यातल्या मातीची तांदळाएवढी गोळी टोकावर ठेवून मास्टर बसवा, काढा आणि दबलेल्या गोळीची जाडी पाहा. नंतर ती पूर्ण पुसून काढा. काही बूस्टरमध्ये टोकाचा स्क्रू फिरवून लांबी बदलता येते, काहींत येत नाही. येत नसेल तो बूस्टर परत करा. टोक कानसीने घासून छोटे करण्याचा सल्ला मला दोघांनी दिला होता. मी मानला नाही आणि आपणही मानू नये.

पुशरॉड ओढून बाहेर काढू नका, हेही आवर्जून सांगतो. त्याच्या मागे नाण्याएवढी रबराची चकती असते, ती आत निसटली तर ब्रेक एकदम आणि झटक्याने लागू लागतात. भंगाराच्या दुकानात आलेली गिऱ्हाइके बूस्टर पाहताना पुशरॉड उपसतात आणि चकतीशिवाय परत खुपसतात. पुशरॉड लुळा हलत असेल तर तो बूस्टर तिथेच ठेवा.

निवडताना आणखी दोन गोष्टी पाहाव्यात असे मला वाटते. स्टडभोवती फायरवॉलचा (इंजिन आणि बसायची जागा यांमधल्या भिंतीचा) जळका पत्रा चिकटलेला असेल तर तो गॅस कटरने कापून काढलेला आहे, आणि त्या आचेने आतले रबर वाचले असेल याची खात्री कुणी देऊ शकत नाही; पान्याने नट खोलून काढलेलाच घ्या. दुसरे म्हणजे पुढच्या छिद्राशी नाक नेऊन वास घ्या आणि बूस्टर हलवून पाहा. ब्रेक ऑइलचा वास आला किंवा आत काही डुचमळले तर त्या गाडीचा मास्टर मागून गळत होता आणि ते ऑइल डायाफ्रामवर साचून राहिले होते.

हीच गोष्ट आपल्या गाडीलाही लागू आहे, आणि इथे माझे मत ठाम आहे. बूस्टर बहुधा आपोआप मरत नाही, मास्टरच्या मागच्या सीलमधून झिरपणारे ऑइल त्याला आतून खाते. सील तसेच ठेवून बूस्टर बदलला तर नवा आणलेलाही त्याच वाटेने जाईल. म्हणून बूस्टर भंगारातला चालेल, पण मास्टरची रबरे नवीच हवीत, आणि सिलिंडरच्या आत ओरखडा असेल तर मास्टरच नवा हवा. ती रबरे पेट्रोलने धुऊ नका किंवा त्यांना इंजिन ऑइल लावू नका, ती फुगतात. स्वच्छ ब्रेक ऑइलच वापरा. पेडलच्या पिनची स्प्लिट पिनही नवीनच घाला.

सगळे बसवल्यावर पुढची चाके जॅकवर उचला, इंजिन सुरू ठेवून पेडल वीस-पंचवीस वेळा दाबा, आणि दर वेळी सोडल्यावर चाक हाताने फिरते का ते कुणाला तरी पाहायला सांगा. नंतर सपाट रस्त्यावर तीस-चाळीस किलोमीटर चालवून मधूनमधून उतरून रिमजवळ तळहात धरा. घाटात ही परीक्षा घेऊ नये.

आपला बूस्टर अजून गाडीवरच असेल तर मास्टर आणि बूस्टर जिथे जुळतात त्या खालच्या कडेचा फोटो इथे टाका. तिथला रंग उडून पत्रा ओलसर दिसत असेल तर मास्टरच्या रबरांचे किट बूस्टरच्या आधी आणावे लागेल.