‘मजबुती’ म्हणजे नेमकी कोणती? पोकळ काचगोल घातलेल्या इपॉक्सीचे शब्द

प्रश्न असा आहे: काचेचे पोकळ सूक्ष्म कण मिसळलेल्या हलक्या इपॉक्सीला (रेझिन आणि ते घट्ट करणारा हार्डनर मिसळून बनणाऱ्या प्लास्टिकला) मराठीत ‘काचेची भुकटी घातलेला फेस’ म्हणावे का? आणि ‘कण वाढवले की मजबुती वाढते’ हे वाक्य बरोबर आहे का?

आधी वाक्य घेऊ, कारण मोठी चूक तिथे आहे. ‘मजबुती’त चार वेगळे गुण कोंबले जातात. किती भाराला तुकडा मोडतो, ते सामर्थ्य. भाराखाली तो किती कमी दबतो वा वाकतो, ती ताठरता. ओरखडा, खळगा पडू न देणे हा कठीणपणा आणि भेगेला पुढे सरकू न देणे हा चिवटपणा. या पदार्थात हे गुण एका दिशेने जातच नाहीत. कणांचे प्रमाण वाढले की ताणातले सामर्थ्य घटते, कारण काच आणि इपॉक्सी यांची पकड सुटते आणि तिथून भेग निघते. काचेवर सिलेनचा, म्हणजे काच आणि रेझिन यांना जोडणाऱ्या रसायनाचा, लेप असेल तर पकड सुधारते. ताठरता कणांच्या भिंतीवर ठरते: ०.२२ घनतेचे (ग्रॅम प्रति घनसेंमी, पुढेही तेच एकक) पातळ भिंतीचे कण घातले तर ती उतरते, ०.४६ घनतेचे जाड भिंतीचे घातले तर चढू शकते. दाबाखालची तऱ्हा आणखी निराळी. भार शिखर गाठतो, थोडा उतरतो आणि मग बराच काळ जवळजवळ सपाट राहतो. त्या टप्प्यात गोल चिरडत असतात आणि त्यांची पोकळी भरत जाते. याला ऊर्जाशोषण म्हणावे.

म्हणून ‘ताणातले सामर्थ्य घटले, ताठरता वाढली’ असे दिशेसह लिहावे. घनतेने भागलेल्या आकड्याला ‘विशिष्ट सामर्थ्य’ म्हणण्याची पद्धत आहे, पण सामान्य वाचक त्याचा अर्थ ‘ठरावीक सामर्थ्य’ असा घेतो. ‘घनतासापेक्ष सामर्थ्य’ जास्त स्वच्छ. हलक्या पदार्थाची बाजू याच आकड्यात दिसते, त्यामुळे तो शब्द संदिग्ध ठेवून चालत नाही.

‘भुकटी’ अजिबात नको. भुकटी म्हणजे कुटलेली वस्तू, आणि इथे गोल कुटला गेला की हलकेपणाच संपला. ‘पोकळ काचगोल’ पुरेसे आहे. ‘फेस’ही फसवा, कारण फेसातले बुडबुडे वायूने जागेवरच फुगतात, तर इथे प्रत्येक पोकळी काचेच्या कवचासह आधीच तयार असते. ‘सिंटॅक्टिक फोम’ हे रूढ नाव तसेच ठेवावे. त्यामागचा ग्रीक शब्द ‘एकत्र मांडलेले’ अशा अर्थाचा आहे, वाक्यरचनेच्या ‘सिंटॅक्स’चाही तोच.

हलका गोल म्हणजे नाजूक गोल, हेही सरसकट लिहू नये. काचगोल बनवणाऱ्या थ्रीएम कंपनीच्या यादीत के१ या प्रकाराची घनता ०.१२५ आणि दाब सहन करण्याची क्षमता २५० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) आहे. एस६० आणि आयएम३०के यांची घनता सारखीच, ०.६०, पण क्षमता अनुक्रमे १०,००० आणि २८,००० पीएसआय. दुसऱ्याचे गोल बरेच बारीक असतात.

‘२० टक्के कण’ असे नुसते लिहिणे तर धोक्याचेच. वजनाने की आकारमानाने? हार्डनरसह १०० ग्रॅम इपॉक्सी घ्या, घनता १.१५ धरली तर ती सुमारे ८७ घनसेंमी भरते. तितक्याच आकारमानाचे ०.२२ घनतेचे गोल फक्त १९ ग्रॅम होतात. म्हणजे वजनाने १६ टक्के, आकारमानाने ५०. हार्डनरचे प्रमाण मात्र नेहमी फक्त रेझिनवर काढायचे, गोल त्यात धरायचे नाहीत.

या मिश्रणाची हिशेबाने घनता ०.६८ येते. ओतलेल्या तुकड्याची त्याहून जास्त भरली तर ढवळताना गोल फुटलेत, तिथे ‘फुटलेले गोल’ लिहा. कमी भरली तर हवा अडकली आहे, तिथे ‘पोकळ्या’ नुसते न लिहिता ‘अडकलेली हवा’ लिहा, कारण पोकळी गोलातही असते. वरचा काप हलका आणि खालचा जड निघाला, तर पातळ रेझिनमध्ये गोल तरंगून वर गेलेत. त्याला ‘थर वेगळे होणे’ म्हणता येईल.