वादपत्रांचा तुलनात्मक अभ्यास: आधी एलएल.एम. की आधी कोर्ट?

कायद्याच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीने विचारले आहे: दिवाणी वादपत्रात (दावा दाखल करताना वादी न्यायालयात देतो त्या लेखी निवेदनात) किती तपशील हवा, याविषयीच्या निरनिराळ्या देशांतील निकषांची तुलना करण्यासाठी परदेशात लगेच एलएल.एम. (कायद्याची पदव्युत्तर पदवी) करावे, की वडील म्हणतात त्याप्रमाणे आधी जिल्हा न्यायालयात वकिलीची उमेदवारी करावी?

विषय उत्तम आहे. मात्र नियम नुसते शेजारी शेजारी मांडले तर प्रबंध कोरडा होईल. अमेरिकेच्या फेडरल न्यायालयांत 1938 च्या नियमांनी वादीकडून थोडक्यात, साधे निवेदन एवढेच मागितले, कारण प्रतिवादीकडील कागदपत्रे पुढे डिस्कव्हरीच्या टप्प्यावर मिळत. तो टप्पा अतोनात खर्चिक झाल्यावर, आणि हे त्यामागचे एक मोठे कारण होते, ट्वॉम्ब्ली (2007) व इक्बाल (2009) या तेथील सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांनी दावा संभवनीय वाटेल इतकी तथ्ये सुरुवातीलाच मागितली. जर्मनीत तसा व्यापक टप्पा नाही, म्हणून वादी तथ्यांसोबतच आपला पुरावाही नमूद करतो, आणि त्यात उणीव राहिल्यास ती दाखवून देणे न्यायाधीशाचे कर्तव्य असते. म्हणजे वादपत्राचा निकष पुढे पुरावा कसा मिळणार यावर ठरतो, आणि तुमची तुलना तिथूनच सुरू व्हावी.

उमेदवारीच्या बाबतीत मी वडिलांच्या बाजूने आहे. आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश 6 नियम 2 महत्त्वाची तथ्ये मागतो, पुरावा नव्हे. पण ही सीमारेषा पाठ करून कळत नाही. ‘दाव्यास कारण अमुक तारखेस घडले’ हा परिच्छेद स्वतः लिहावा, त्यावर प्रतिवादीने आदेश 7 नियम 11 खाली वादपत्र फेटाळण्याचा अर्ज द्यावा, आणि न्यायालय कैफियत (प्रतिवादीचे लेखी उत्तर) बाजूला ठेवून केवळ वादपत्र व त्यासोबतची कागदपत्रे वाचत असताना आपण समोर उभे असावे, मग ती कळते. चतुर मसुद्याने दाव्याच्या कारणाचा आभास निर्माण करण्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने 1977 मध्येच, अरिवंदंदम प्रकरणात, खडे बोल सुनावले होते. (नवोदितांचे मसुदे बहुधा उलट्या बाजूने बिघडतात: सगळा पुरावाच त्यात ओततात.)

दोन वर्षे पुरेत. तुलनेसाठी भारताखेरीज दोनच देश घ्या. जर्मनी घेणार असाल तर जर्मन भाषेचा वर्ग आताच लावा, कारण तेथील निकाल मुळातून वाचता आले पाहिजेत. अध्यापनाकडे वळायचे असेल तर नेटची (अध्यापनासाठीच्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेची) तयारी समांतर ठेवा. प्रवेशाच्या उद्देशपत्रात स्वतः मसुदा केलेल्या एखाद्या वादपत्राची चर्चा पक्षकारांची नावे वगळून करा.