तीन तिकिटं, तीन किमती: 1, 3, 9 कुठे अडतात?

तुमचा प्रश्न असा: पाकिटावर जास्तीत जास्त 3 तिकिटं मावतात आणि तिकिटांच्या 3 च किमती ठरवायच्या आहेत. 1 पासून एकही रक्कम न चुकवता कुठवर जाता येईल? तुम्ही 1, 3, 9 निवडलंत.

ही निवड 8 लाच अडते. 3+3+1+1 ही चार तिकिटं झाली. म्हणजे मजल 7 पर्यंतच, आणि तेवढं तर 1 आणि 3 या दोघांतच होतं. 9 चं तिकीट कामालाच आलं नाही! तिपटीची युक्ती तराजूच्या वजनांच्या कोड्यात चालते, कारण तिथे दोन्ही पारडी वापरून वजन वजाही करता येतं.

आता 1, 4, 5 घ्या. 11 = 5+5+1, 12 = 4+4+4, 13 = 4+4+5, 14 = 4+5+5, 15 = 5+5+5. खालच्या रकमा तुम्हीच लावून पाहा, सगळ्या बसतात. 12 जवळून बघण्यासारखा आहे. मोठं तिकीट आधी लावायच्या सवयीनं 5+5 केलंत की उरलेल्या 2 साठी दोन तिकिटं लागतात आणि जागा संपते. 5 ला हातच न लावता तो सुटतो.

15 च्या पुढे जाता येत नाही, हे कागदावर तपासता येतं. 1 हवाच. दुसरी किंमत 4 पेक्षा मोठी असेल तर 4 च बनत नाही. तिसरी किंमतही पहिल्या दोघांनी जिथवर नेलं त्याच्या फार तर एकनं पुढे. अशा मोजून 13 निवडी उरतात. अर्ध्या तासाचं काम आहे, जरूर करा.

सूत्राचं म्हणाल, तर दोन किमतींसाठी आहे. न तिकिटं मावत असतील तर न² + 6न + 1 ला 4 नं भागून अपूर्णांक सोडायचा. न = 3 ला 28 भागिले 4, म्हणजे वरचे तेच 7. हे गणितज्ञ श्टोर यांनी 1955 मध्ये दिलं. किमतींची संख्या वाढली की प्रकरण फार अवघड होतं. किमती आधीच ठरलेल्या असल्या तरी मजल काढणं सर्वसाधारणपणे एनपी-हार्ड आहे (म्हणजे कायम झटपट उत्तर देणारी पद्धत सापडण्याची आशा फार कमी), हे संगणकशास्त्रज्ञ जेफ्री शॅलिट यांनी 2002 मध्ये दाखवलं.

13 निवडी तपासून झाल्या की 4 तिकिटांसाठी 1, 5, 8 घेऊन बघा. 26 पर्यंत सलग जाता येतं, आणि 20 ला पुन्हा 12 सारखीच गंमत आहे.