लाउंजात बसायचं की डबा उघडायचा?

प्रवासाबद्दलचे प्रश्न या सदराकडे येतच असतात, पण या खेपेला टपालात एकच विषय जास्त दिसला: पैसे भरून बसायचा विमानतळावरचा लाउंज, म्हणजे खाण्यापिण्याची सोय असलेली आरामाची खोली. कोल्हापुरात शाहूपुरीतल्या माझ्या तिकीट ऑफिसातही समोरच्या खुर्चीवर बसून लोक हेच विचारतात. त्यातले काही प्रश्न निवडले आहेत.

प्रश्न : ताई, मी आणि आमचे हे लेकीकडे दुबईला निघालोय. दुपारच्या विमानानं कोल्हापूरहून मुंबई, आणि दुबईचं विमान रात्री उशिरा. मधे सात तास. जावईबापू म्हणतात, पैसे भरून लाउंजमध्ये आरामात बसा. माणशी हजाराच्या वर सांगतात. एवढ्यात घरी चौघांचं मटण होतं. घ्यावा का?
(राजारामपुरी)

उत्तर : घ्या. पण सात तासांसाठी नाही, शेवटच्या तीनेक तासांसाठी घ्या. जावईबापूंचा सल्ला चांगला आहे, फक्त अर्धवट आहे.

लाउंज म्हणजे धर्मशाळा नव्हे. बहुतेक ठिकाणी विमानाच्या साधारण तीन तास आधी आत घेतात आणि दोन-तीन तास बसू देतात. काउंटरवरची मुलगी बोर्डिंग पास बघते, पैसे घेते किंवा कार्ड घासते आणि एक चिठ्ठी देते. तिच्यावर आत आल्याची वेळ छापलेली असते. ती चिठ्ठी पर्समध्ये कोंबू नका, आधी वेळ बघा. वेळ संपल्यावर कुणी हात धरून उठवत नाही, पण जादा आकार मागू शकतात.

दुसरी गोष्ट सामानाची. तुमची दोन तिकिटं वेगवेगळी काढली असतील तर मुंबईत पट्ट्यावरून बॅगा घ्यायच्या, बाहेर यायचं आणि दुबईच्या विमानासाठी पुन्हा जमा करायच्या. तो काउंटर विमानाच्या तीन-चार तास आधी उघडतो. परदेशी जाणाऱ्यांचा लाउंज त्याच्याही पुढे, इमिग्रेशन (पासपोर्टची तपासणी) आणि सुरक्षा तपासणी झाल्यावर. म्हणजे सातातले पहिले तीन-चार तास तुम्ही बॅगांसकट अलीकडेच असणार, खिशात कितीही पैसे असले तरी. कोल्हापूरचं विमान कुठल्या टर्मिनलवर उतरतं आणि दुबईचं कुठून सुटतं हेही तिकिटावर बघून ठेवा. टी-१ विलेपार्ल्याच्या अंगाला आणि टी-२ सहारला, मधे गाडीनंच जावं लागतं आणि मुंबईचा ट्रॅफिक तुम्हाला मी सांगायला नको. एकाच तिकिटावर दोन्ही प्रवास असतील तर बॅगांचं काय, हे इथं उजळाईवाडीलाच, आपल्या कोल्हापूरच्या विमानतळावर, काउंटरवर विचारा.

राहिला मटणाचा हिशेब. तो घालूच नका, तुम्ही तिथं जेवणाचे पैसे देत नाही. जेवण साधंच असतं: उपमा, इडली, एखादी पनीरची भाजी, डाळ-भात, कापलेली फळं. चहा यंत्राचा, आणि आपल्याला तो गोड लागत नाही. पैसे आहेत ते पाठ टेकायला नीट खुर्ची, स्वच्छ बाथरूम, फोन चार्ज करायची सोय आणि कानाला शांतता यांचे. रात्रीचं विमान, वय साठीच्या पुढे, पलीकडे उतरल्यावर नातवंडं अंगावर झेप घेणार. अशा वेळी हे पैसे वाया गेले असं मला वाटत नाही. माणूस दोन तासांसाठी तिथं दुपारचा वडापाव टाळायला जातो तेव्हा मात्र वाटतं.

आणि आत गेल्यावर मोबाइलवर गजर लावा. मुंबईत गेटगेटला विमानांच्या हाका मारत नाहीत, सगळं पडद्यावर असतं. मऊ खुर्चीत डुलकी लागली तर उठवायला कुणी येत नाही. लाउंजपासून गेट बरंच लांब असू शकतं. साहेबांचे गुडघे दुखत असतील तर व्हीलचेअरची नोंद तिकीट काढतानाच करा, तिथं जाऊन शोधाशोध नको.

प्रश्न : माझ्या कार्डावर लाउंज फुकट आहे असं बँकेत सांगितलं होतं. मागच्या वेळी हैदराबादला काउंटरवर कार्ड चाललंच नाही. मित्रांसमोर पार शोभा झाली.
(इचलकरंजी)

उत्तर : दादा, तो ‘फुकट’ शब्द आता जुना झाला. लाउंजमध्ये गर्दी इतकी वाढली की बँकांनी खर्चाच्या अटी घातल्या. आयसीआयसीआय बँकेचं उदाहरण घ्या: १ एप्रिल २०२४ पासून त्यांच्या अनेक क्रेडिट कार्डांवर आधीच्या तिमाहीत ३५,००० रुपये खर्च केले असतील तरच पुढच्या तिमाहीत लाउंज, अशी अट तेव्हा आली. बाकीच्यांच्याही अशाच अटी आहेत आणि आकडे बदलत राहतात. जानेवारी ते मार्च कार्ड कपाटात ठेवलं आणि एप्रिलमध्ये लाउंजच्या दारात उभे राहिलात, तर मशीन नाहीच म्हणणार. त्यात बँक आणि लाउंज यांच्यामधे मध्यस्थ कंपन्या असतात. त्यांतल्या एका मोठ्या कंपनीनं २०२५ मध्ये देशातल्या लाउंजची सेवाच थांबवली, आणि चालू असलेली कार्डंही एकाएकी अडली.

तेव्हा निघायच्या आदल्या दिवशी बँकेच्या ॲपमध्ये बघा: या तिमाहीत किती वेळा मिळतो, आणि कुठल्या विमानतळावर. ‘देशांतर्गत’ असं लिहिलं असेल तर परदेशी जाताना त्याचा उपयोग नाही. कार्डावरचं नाव आणि बोर्डिंग पासवरचं नाव एकच हवं, भावाचं कार्ड चालत नाही. दोन रुपये कापले गेले तर घाबरू नका, अनेक कार्डं तपासणीपुरते तेवढे घेतात. बरोबरच्या मित्रांचे मात्र पूर्ण पैसे पडतील, ते कोण देणार हे आधीच ठरवा. शोभा खरी तिथं होते.

प्रश्न : कार्ड घरी विसरलं तर फोनवर ॲप घेऊन आत जाता येतं का? अशी एक लिंक मला आली आहे.
(गडहिंग्लज)

उत्तर : ती लिंक उघडू नका, बाई. २०२४ मध्ये बंगळुरूच्या विमानतळावर एका प्रवासी महिलेकडे कार्ड नव्हतं. तिला ‘लाउंज पास’ नावाचं ॲप घ्यायला लावलं गेलं. त्या ॲपनं फोनवर येणारे मेसेज परस्पर दुसरीकडे पाठवले, म्हणजे ओटीपीसुद्धा. तिचे ८७,००० रुपयांच्या वर गेले. अशा ॲपला मेसेज वाचायची परवानगी कशाला हवी, एवढं स्वतःला विचारलं तरी पुरे. बँकेचं स्वतःचं ॲप सोडून बाकी कशाच्याही नादी लागू नका. कार्ड नसेल तर रोख मोजा, नाहीतर बाहेर बसा.

प्रश्न : मुलगा जर्मनीला चाललाय. आम्ही सोडायला मुंबईपर्यंत जाणार. पैसे भरून आम्हीही त्याच्याबरोबर बसू शकतो का?
(कागल)

उत्तर : नाही. लाउंज सुरक्षा तपासणीच्या पलीकडे असतो, बोर्डिंग पासशिवाय तिथपर्यंत पोचताच येत नाही. त्याला दारातच निरोप द्या आणि जेवण आधी बाहेर कुठंतरी निवांत करा.

प्रश्न : हे खूळ काढलं कुणी? आमच्या वेळी विमानतळावर बाकडं असायचं.
(मंगळवार पेठ)

उत्तर : काका, तुमच्या वेळेच्याही आधीचं आहे हे. आपल्या उजळाईवाडीच्या धावपट्टीचं उद्घाटन १९३९ सालचं, राजाराम महाराजांच्या काळातलं. त्याच साली न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावर अमेरिकन एअरलाइन्सनं ‘ॲडमिरल्स क्लब’ काढला. तिथं पैसे टाकून जाता येत नव्हतं, कंपनी ज्याला बोलावेल तोच आत. मोठ्या लोकांचं काम. पैसे मोजेल त्याला प्रवेश, हे बरंच नंतरचं. ‘प्रायॉरिटी पास’सारख्या, अनेक लाउंजांत चालणाऱ्या कार्डांची सुरुवात १९९२ ची. आपल्या कोल्हापूरच्या नव्या टर्मिनल इमारतीचं उद्घाटन १० मार्च २०२४ ला झालं, तिथलं बाकडं मात्र अजून फुकट आहे.

प्रश्न : पावसाळ्यात विमान लेट झालं तर लाउंज घ्यावा का?
(उचगाव)

उत्तर : आधी कंपनीच्या काउंटरवर जा. विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याचा, डीजीसीएचा, नियम आहे: अडीच तासांपर्यंतचा प्रवास असेल आणि विमान दोन तासांहून जास्त लेट असेल, तर वेळेत चेक-इन केलेल्या प्रवाशाला खाणं-पिणं कंपनीनं द्यायचं. इथून मुंबई, हैदराबाद, बंगळुरू सगळं अडीच तासांच्या आतलंच. खराब हवामानात नुकसानभरपाई मिळत नाही, ती वेगळी गोष्ट. पण नाष्टा मागायला लाजू नका. अशा वेळी खिशातले हजार काढून लाउंज घेणं म्हणजे दुसऱ्याचं देणं आपण भागवणं.

प्रश्न : लाउंज आम्हाला परवडत नाही. डबा नेला तर चालतो का? आणि तिथं सगळ्यांसमोर तो सोडायचा कसा?
(शिरोली)

उत्तर : चालतो, आणि बिनधास्त सोडा. भाकरी, चपाती, दशम्या, थालीपीठ असं कोरडं खाणं तपासणीत अडत नाही. रस्सा घरी ठेवा. मुंबईच्या गेटवर चांगल्या कपड्यातले लोक घरच्या पोळीचा तुकडा मोडताना मी कितीतरी वेळा बघितलेत, आणि शेजारचे त्यांच्या डब्याकडेच बघत असतात. स्वस्त खाण्याची ओरड सरकारपर्यंतही गेली असावी. २०२४ च्या अखेरीस कोलकाता विमानतळावर ‘उडान यात्री कॅफे’ सुरू झाला, त्यात दहा रुपयांत चहा आणि वीस रुपयांत समोसा ठेवला. तुमच्या विमानतळावर तसा कॅफे आहे का, ते आत शिरल्यावर विचारा.

फक्त मिरचीचं लोणचं हातातल्या पिशवीत घेऊ नका, ते काढून घेतात. मोठ्या बॅगेत टाका. आणि लेकीसाठी सुक्या खोबऱ्याच्या अख्ख्या वाट्या बांधल्या असतील तर त्या मोठ्या बॅगेतून काढा, २०२२ पासून त्यांना तिथं बंदी आहे. किसून चटणी करून द्या.