आई-बाबा बोटीनं न्यूयॉर्कला निघालेत? आधी घड्याळाचं बघा

ताई, तुमचा प्रश्न नंतर येणाऱ्यांना कळावा म्हणून थोडक्यात परत मांडतो. आई ६३, बाबा ६९. मे महिन्यात नागपूरहून लंडनला तुमच्या बहिणीकडे, तिथून न्यू जर्सीला भावाकडे. लंडन ते न्यूयॉर्क विमान नको, बोटच हवी, हा बाबांचा हट्ट. आईनं नागपूरच्या अंबाझरी आणि फुटाळा तलावांपलीकडे पाणी पाहिलेलं नाही. म्हणून तुम्ही विचारताय की आईला बोट लागेल का, आणि सात दिवस दोघं तिथं करतील काय.

आम्ही नवरा-बायको हा प्रवास दोनदा केलाय. एकदा साउथॅम्प्टनहून (इंग्लंडच्या दक्षिणेचं बंदर, बोट तिथूनच सुटते) न्यूयॉर्कला, दुसऱ्यांदा न्यूयॉर्कहून उलट. तेव्हा सांगतो ते स्वतःच्या हाडांवर बेतलेलं.

आधी एक गोष्ट साफ करतो, कारण खाली प्रतिक्रियांत दोघांनी 'क्रूझ मस्तच असते' असं लिहून ठेवलंय. ही क्रूझ नाही. क्रूझवाली बोट रोज नवं बंदर दाखवते. ही बोट एकदा निघाली की सात रात्री नुसतं पाणी. आज अटलांटिकवर अशी नियमित ये-जा करणारी एकच बोट उरलीय, क्वीन मेरी २. फ्रान्समध्ये सेंट-नाझेरला बांधली, २००४ च्या जानेवारीत पहिल्या फेरीला निघाली, लांबी ३४५ मीटर. इतर कंपन्यांच्या बोटी वसंतात आणि शरदात हंगाम बदलताना अटलांटिक ओलांडतात, पण त्या मुळात बंदरं फिरायला बांधलेल्या. ही बांधलीच उत्तर अटलांटिकसाठी. नाक लांब आणि निमुळतं, पोलाद जाड, पाण्याखाली सुमारे दहा मीटर खोल. आईच्या पोटासाठी हा फरक फार मोठा आहे.

आता बोट लागण्याचं. आईला नागपूर-चिखलदरा घाटात गाडी लागते का? लागत असेल तर बोटही लागू शकते, पण सहसा घाटाइतकी नाही. एसटीत मागच्या बाकावर बसलं की कसं उसळायला होतं, आणि मधल्या सीटवर त्या मानानं शांत असतं? बोटीचं तेच. लाटेवर ती पाळण्यासारखी पुढून-मागून वर-खाली होते, मधला भाग जवळजवळ जागेवर राहतो. म्हणून केबिन घेताना बोटीच्या मध्यावरची आणि खालच्या मजल्यावरची घ्या. वरच्या मजल्यावर, टोकाला, 'छान व्ह्यू' म्हणून एजंट गळ्यात मारेल, ती घेऊ नका. बोटीला बाजूनं पंखासारखे स्टॅबिलायझर असतात. त्यांनी डावं-उजवं हेलकावणं बरंच कमी होतं, पुढचं-मागचं उसळणं मात्र त्यांच्या हातात नाही.

गोळीचं म्हणाल तर आपल्या पिढीला अ‍ॅव्होमिन ठाऊकच आहे. पण ती गुंगी आणते, आणि बाबांना प्रोस्टेटचा किंवा काचबिंदूचा त्रास असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय नकोच. घ्यायची ती त्रास सुरू व्हायच्या आधी. उलटी सुरू झाल्यावर गोळी पोटात ठरत नाही. बाकी आल्याचा तुकडा, कोरडं बिस्किट, आणि क्षितिजाकडे बघत बसणं. पोट रिकामं ठेवू नका, आपल्याकडे लोक नेमका हाच उलटा उपाय करतात. बायकोला पहिल्या प्रवासात तिसऱ्या दिवशी मळमळलं. खोलीत पडून होती तोवर वाढत गेलं. सातव्या डेकवर नेऊन आरामखुर्चीत बसवलं, अंगावर ब्लँकेट टाकलं, अर्ध्या तासात चहा मागितला.

महिना मे म्हणजे हिवाळ्यातल्यासारख्या लाटा सहसा नाहीत. कॅनडाच्या न्यूफाउंडलंड बेटाजवळ धुकं मात्र लागू शकतं, कारण तिथं लॅब्राडोरचा थंड प्रवाह आणि गल्फ स्ट्रीमचं कोमट पाणी समोरासमोर येतात. धुक्यात भोंगा थांबून थांबून वाजत राहतो. आईला आधीच सांगून ठेवा, नाहीतर घाबरतील. बाबांना वेगळं सांगा: त्यातला एक भोंगा १९३६ च्या जुन्या क्वीन मेरीवरून काढून इथं बसवलाय. ही गोष्ट ते न्यू जर्सीला पोचेपर्यंत दहा जणांना ऐकवतील.

आता ज्यासाठी शीर्षक दिलं ते. लाटांपेक्षा जास्त लोक गडबडतात घड्याळामुळे. लंडन आणि न्यूयॉर्कमध्ये पाच तासांचं अंतर. विमानात ते एकदम अंगावर येतं, बोटीवर थोडंथोडं करून येतं. पश्चिमेकडे जाताना पाच रात्री घड्याळ एकेक तास मागे घेतात, म्हणजे पाच दिवस २५ तासांचे. रोज तासभर जास्त झोप, न्यूयॉर्कला उतरताना जेट लॅग शून्य. तुमचे आई-बाबा याच दिशेनं चाललेत, बाबांचा हट्ट त्या दृष्टीनं शहाणपणाचाच आहे. आम्ही उलटे आलो तेव्हा दुपारी बाराचे एकदम एक वाजायचे. सकाळचा नाश्ता उतरतो न उतरतो तोच जेवणाची वेळ.

मोबाइल एअरप्लेन मोडवर असेल (असायलाच हवा, नाहीतर बोटीवरच्या सॅटेलाइट नेटवर्कचं बिल बघून भाऊ बोट लागल्यासारखा होईल), तर तो लंडनचीच वेळ दाखवत राहतो. म्हणून हातात साधं घड्याळ हवं. बाबांकडे जुनं एचएमटी पडलं असेल तर किल्ली देऊन तेच घालू द्या. रात्री खोलीत दुसऱ्या दिवसाचं पत्रक येतं, त्यात घड्याळ मागे घ्यायचं लिहिलेलं असतं. ते वाचायचं आणि तिथल्या तिथं काटा फिरवायचा.

आणि औषधं. मला शुगर आहे. पहिल्या प्रवासात मी नागपूरच्या वेळेचा हिशेब मनात धरून गोळ्या घेत बसलो आणि चौथ्या दिवशी जेवणाआधी हात थरथरायला लागले. मग बायकोनं जेवणाची गोळी जेवणाला आणि झोपेची झोपेला असं सरळ बोटीच्या घड्याळावर आणलं. तुमच्या बाबांना इन्सुलिन चालू असेल तर २५ तासांच्या दिवसाचं काय करायचं हे डॉक्टरकडून कागदावर लिहून घ्या. बोटीवर दवाखाना आणि डॉक्टर असतात, पण फुकट नाहीत. आणि समुद्राच्या मध्यावर हेलिकॉप्टर पोचत नाही. त्यामुळे प्रवास विम्यात जुने आजार आणि आपत्कालीन हलवणं, दोन्ही धरलंय ना ते बघा. सगळी औषधं हातातल्या बॅगेत. मोठ्या बॅगा साउथॅम्प्टनला हमालाच्या ताब्यात जातात आणि खोलीच्या दाराशी यायला संध्याकाळ होऊ शकते.

व्हिसाचं पटकन: ब्रिटनचा व्हिजिटर आणि अमेरिकेचा बी१/बी२, दोन्ही हवेत. बोटीनं जाणाऱ्याला वेगळी सवलत नाही. अमेरिकेच्या मुलाखतीसाठी आपल्याला मुंबईला जावं लागतं आणि तारीख मिळायला वेळ लागतो, तेव्हा बोटीचे पूर्ण पैसे भरायच्या आधी ते उरका. लंडनहून साउथॅम्प्टनला वॉटर्लू स्टेशनवरून ट्रेन आहे, पण चार बॅगा असतील तर बस बरी.

केबिनबद्दल आणखी एक. बाल्कनीसाठी जीव टाकू नका, अटलांटिकच्या वाऱ्यात तिथं किती वेळ उभं राहणार? घ्यायचीच असेल तर बोटीच्या अंगात कोरलेली, आडोशाची बाल्कनी घ्या, वारा कमी लागतो. तिथं बसल्यावर समोर पोलादी कठडा येतो, समुद्र बघायला उभं राहावं लागतं, एवढंच. आपल्या गोल पिनांचा प्लग तिथं चालेलच असं नाही, ॲडाप्टर न्या. इस्त्री आणि स्वतःची किटली नेऊ नका, आगीच्या भीतीनं काढून घेतात. कपडे धुवायला आणि इस्त्रीला वेगळी खोली आहे, तिथं पैसे लागत नाहीत. (तिथं होणाऱ्या गप्पा जेवणाच्या टेबलापेक्षा भारी असतात, असं बायकोचं मत.)

कपड्यांचं लोक उगाच टेन्शन घेतात. सात रात्रींत साधारण दोन रात्री थाटाच्या, बाकी संध्याकाळी सहानंतर नीटनेटकं असलं की झालं. कोट-टाय विकत घ्यायची गरज नाही, आपला राष्ट्रीय पोशाख चालतो. बाबांना बंदगळा, आईला भंडाऱ्याची कोसा साडी. माझ्या बायकोच्या कोशावर एका स्कॉटिश आजींनी तीनदा हात फिरवून पाहिला. पण नागपुरात ४५ डिग्रीत बॅग भरताना स्वेटर न्यायची बुद्धी होत नाही, ती तुम्ही करा. मे असला तरी डेकवर कानटोपी लागते.

जेवणात शाकाहारी पदार्थ रोज असतात, आणि बुफेच्या जेवणघरात बहुतेक दुपारी काही ना काही आपल्या वळणाची आमटी-भात सापडते. कांदा-लसूण नको असेल तर बुकिंग करतानाच कळवा, आणि पहिल्या संध्याकाळी वाढणाऱ्याला पुन्हा सांगा. त्यांच्यात भारतीय पोरं असतात, तुमच्या आईला 'मावशी' म्हणत उद्याचा मेनू आजच विचारून जातील. संध्याकाळच्या दोन पंगती असतात, आई-बाबांसाठी पहिली घ्या. टेबल मोठं, अनोळखी माणसांबरोबरचं मागा. इंग्रजी मोडकं असलं तरी चालतं. दोघांचंच टेबल घेतलं तर चौथ्या दिवसापर्यंत बोलणं संपतं, हे मी चाळीस वर्षांच्या संसारानंतर सांगतोय.

करायचं काय, तर बाबांना सातव्या डेकवर चालायला लावा. पूर्ण बोटीला फेरी मारता येते, तीन फेऱ्यांत पावणेदोन किलोमीटर होतात. मोठं वाचनालय आहे, तारांगण आहे, दुपारी पांढरे हातमोजे घातलेले वेटर चहा वाढतात. कुत्र्यांचीही सोय आहे. त्यांच्या अंगणात एक ब्रिटिश दिव्याचा खांब आणि एक अमेरिकन फायर हायड्रंट उभा केलाय, दोन्हीकडच्या कुत्र्यांना घरच्यासारखं वाटावं म्हणून. मला सगळ्यात आवडायची ती दुपारी बाराची घोषणा. बोट कुठं आहे, हवा कशी आहे, हे ब्रिजवरून, म्हणजे बोट जिथून चालवतात त्या खोलीतून, सांगतात. बाबांना एक नकाशा आणि पेन्सिल द्या, रोज ठिपका टाकतील.

शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा दाराबाहेर ठेवाव्या लागतात. बायकोनं इतक्या उत्साहानं भरल्या की माझे बूटही गेले. कपाटात उरल्या त्या शेरवानीबरोबरच्या मोजड्या. न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या धक्क्यावर, इमिग्रेशनच्या रांगेत, बोटांचे ठसे देताना मी जीन्सवर जरीच्या मोजड्या घालून उभा. तेव्हा दुसऱ्या दिवशीचे कपडे आणि बूट आधी खुर्चीवर काढून ठेवा, मग बॅग भरा. त्या पहाटे अंधारातच उठवा दोघांना. न्यूयॉर्क बंदराच्या तोंडावरच्या व्हेराझानो पुलाखालून बोट जाते तेव्हा धुरांडं पुलाला घासतंय असंच वाटतं. मग थोड्या वेळानं डाव्या हाताला स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा येतो. उजवीकडे उभे राहिले तर चुकेल.

मे म्हणजे इकडून आंबे बांधून देणारे निघतीलच. ताजी फळं अमेरिकेत नेता येत नाहीत, बोटीवरच्या जेवणातलं सफरचंदही खोलीतच ठेवून उतरायचं. लोणचं, चटण्या, मिठाई जे काही असेल ते विचारल्यावर सरळ सांगायचं. लपवलं तर दंड.

केबिनचा नंबर मिळाला की इथंच टाका. वर-खाली नाचाचा हॉल किंवा स्वयंपाकघर येतंय का, ते डेकच्या नकाशावर बघून सांगतो.