इंदूरमध्ये भर गर्दीत अनोळखी माणूस कोसळल्यास मदत करावी का? पोलिसांचा त्रास होतो का?

अवश्य करावी. रस्ते-अपघातात सद्‌भावनेने मदत करणाऱ्याला २०१९ साली मोटार वाहन कायद्यात आलेल्या कलम १३४अ चे संरक्षण आहे, आणि नाव-पत्ता सांगण्याची सक्ती पोलिसांना करता येत नाही.

सराफ्यातल्या (इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारातल्या) गर्दीत कोणी कोसळला, तर खांदा थोपटून मोठ्याने हाक मारावी. प्रतिसाद नसेल आणि श्वास थांबला असेल किंवा नुसते आचके येत असतील, तर घोळक्यातल्या एकालाच नेमके बोट दाखवून १०८ वर फोन करावयास सांगावे (सर्वांना सांगितले की कोणीच करत नाही) आणि आपण छातीच्या मध्यभागी दोन्ही तळहात एकावर एक ठेवून मिनिटाला १०० ते १२० वेळा, सुमारे ५ सेंटिमीटर खोल दाब देत राहावे. पाणी पाजू नये. कांदा किंवा चप्पल हुंगवणारे हटकून भेटतात. त्यांना रुग्णवाहिकेसाठी वाट मोकळी करण्याच्या कामाला लावावे.