एकच द्राक्ष, दोन मुलूख

वाइन चाखायला शिकायचं तर एकदम पाच-सहा बाटल्या आणू नकोस. दोनच आण, पण द्राक्ष एकच हवं. शिराझ हे रेड वाइनचं द्राक्ष, शेनिन ब्लाँ हे व्हाइटचं. तर दिंडोरीकडची शिराझ आणि अकलूजची शिराझ, किंवा आपल्या नाशिकची शेनिन ब्लाँ आणि दक्षिण आफ्रिकेची. द्राक्षच वेगळं असलं की फरक मातीचा, हवेचा की जातीचा, ते कळत नाही. किमतीही शक्यतो जवळपासच्या असू देत.

बाटल्यांना वर्तमानपत्र गुंडाळ, वर १ आणि २ लिही, आणि घरातल्या कोणाला तरी ओतायला सांग. लेबल दिसलं की जीभ आधीच निकाल देऊन मोकळी होते. ग्लास जेमतेम एक तृतीयांश भर, फिरव, आधी वास घे. शेनिनमध्ये मला पिकलेला पेरू येतो, शिराझमध्ये कुटलेली मिरी. तुला दुसरंच काही आलं तर तेच वहीत लिही, माझे शब्द नकोत.

तापमानाकडे मात्र नीट बघ. रेड वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी म्हणतात, पण मे महिन्यातली नाशिकची खोली त्यात धरू नकोस. १६ ते १८ अंश हवेत, म्हणजे उन्हाळ्यात तासभर तरी फ्रीजमध्ये. व्हाइट ८ ते १०. एकदा मी दुकानाच्या उन्हातल्या शोकेसमधली बाटली उचलली, तर वाइन शिजवलेल्या फळांसारखी लागली. तू आतल्या फडताळातली माग. स्वस्तातली व्हाइट तर अलीकडच्या सालाचीच घे.

सोबत साधा पाव ठेव. तिखट चिवडा नंतर.